धूर आत येतो कुठून?

मारुती ओमनीत ड्रायव्हर इंजिनावर बसतो. पुढच्या दोन सीटांच्या खाली ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरांचं इंजिन असतं आणि ते बघायचं तर सीट उचलावी लागते. बसणारा माणूस आणि तापलेलं इंजिन यांच्यामध्ये पत्र्याचं झाकण, झाकणाच्या कडेला रबराची किंवा फोमची पट्टी आणि ते दाबून धरणाऱ्या क्लिपा, एवढाच आडोसा. गाडी नवी असते तोवर तो पुरतो. वीस वर्षांत पट्टी कडक होऊन तुकडे पडतात, एखादी क्लिप कुठल्यातरी गॅरेजात हरवते आणि मग सीट गरम लागायला लागते. गरम लागते म्हणजे खालची हवा वर येते आहे. त्या हवेत धूर असेल तर तोही येणारच.

१९८४ मध्ये ही गाडी ‘मारुती व्हॅन’ म्हणून बाजारात आली, १९८८ मध्ये तिचं नाव ओमनी झालं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पुण्यात आता ती क्वचित दिसते. शिरूर तालुक्यातल्या निमोण्यासारख्या गावांत मात्र ती अजून कामावर आहे. सकाळी दुधाचे कॅन, दुपारी खताच्या गोण्या, संध्याकाळी कांद्याच्या पिशव्या, लग्नसराईत मागची सीट काढून दाटीवाटीनं बसवलेलं वऱ्हाड, आणि कुणाच्या छातीत दुखलं तर मध्यरात्री शिरूरचा दवाखाना. याच तालुक्यात, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, २०१७ पासून जीप कंपास तयार होते. पण गावच्या कामाला ती येत नाही, ओमनी येते. म्हणून जुन्या गाडीत धूर येतो त्याचा शोध कसा घ्यायचा हे सांगताना या प्रकरणात समोर ओमनीच ठेवली आहे. मारुती ८०० असो, जुनी सुमो असो की वडापची कमांडर जीप, तपासाची रीत तीच. फक्त झाकणं आणि भोकं वेगळ्या जागी असतात.

धूर आत यायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. इंजिनापासून सायलेन्सरच्या टोकापर्यंत कुठेतरी गळती हवी, किंवा टोकच चुकीच्या जागी हवं. बॉडीला आत शिरण्यासाठी भोक हवं. आणि धुराला त्या भोकाकडे ओढणारा काहीतरी दाब हवा. यातलं पहिलं सायलेन्सरवाला बघतो, दुसरं डेंटर बघतो, तिसरं कुणाच्याच धंद्यात बसत नाही. म्हणून अशा गाड्या गॅरेजात जातात, पैसे लागतात आणि महिन्याभरात वास परत येतो. सायलेन्सरवाल्यानं त्याचं काम चोख केलेलं असतं. डेंटरनंही केलेलं असतं. फक्त दोघांनी एकच गाडी एकाच आठवड्यात बघितलेली नसते.

आधी वासाबद्दल. आपण ज्याला धुराचा वास म्हणतो तो अर्धवट जळलेल्या इंधनाचा वास असतो. त्याच धुरात जो वायू जीव घेतो त्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. वास आला म्हणजे तो वायूही आला असं धरून चालावं. वास गेला म्हणजे तो गेला, असं मात्र धरता येत नाही. एक तर नाक काही मिनिटांतच सवयीनं बोथट होतं. तासभर गाडीत बसलेल्याला काही जाणवत नाही आणि वाटेत चढणारा पाहुणा नाक मुरडतो, हा अनुभव सगळ्यांचा आहे. अशा वेळी पाहुण्याचं ऐकावं. दुसरं म्हणजे एलपीजी किट बसवलेल्या ओमनीच्या धुराला पेट्रोलइतका उग्र वास नसतो. किटची जुळणी बिघडली असेल तर तीच गाडी भरपूर कार्बन मोनॉक्साइड सोडते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. डिझेलचं उलट आहे. डिझेल इंजिनात जादा हवा असते, त्यामुळे हा वायू त्या मानानं कमी बनतो, पण काळा धूर आणि घशाची जळजळ जास्त. म्हणजे ज्या धुराला माणूस घाबरतो तो त्यातल्या त्यात बरा, आणि ज्याकडे दुर्लक्ष करतो तो वाईट. डॅशबोर्डवर परफ्यूमची बाटली ठेवणं हा या बाबतीतला सगळ्यात वाईट उपाय, कारण उरलासुरला निरोप्याही त्यानं गप्प होतो.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला धरून बसतो हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवलं. ऑक्सिजनपेक्षा त्याची पकड दोनशे पटींहून अधिक घट्ट असते. पुढे १८९५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी हा वायू स्वतः हुंगून, आपल्याच रक्ताचे नमुने तपासत, कुठल्या टप्प्यावर काय होतं ते लिहून काढलं. कोळशाच्या खाणीत पिंजऱ्यातले पक्षी न्यावेत ही सूचना त्यांचीच. लहान जीव माणसाच्या आधी कोसळतो आणि खाणकामगाराला पळायला वेळ मिळतो. त्यांचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन लहानपणी बापाबरोबर खाणीत उतरायचा. तो पुढे मोठा जीवशास्त्रज्ञ झाला, भारतात स्थायिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला.

‘लहान जीव आधी’ हा हिशेब गाडीलाही लागू होतो. मुलं वजनाच्या मानानं जास्त हवा ओढतात आणि ओमनीत त्यांची जागा बहुधा मागच्या दारापाशी असते, जिथे धूर सगळ्यात सहज येतो. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, गळून गेल्यासारखं वाटणं आणि झोप येणं ही सुरुवातीची लक्षणं. मुलांना तर गाडी लागते, ती गाडीत झोपतात, असं आपण धरूनच चाललेलो असतो. ओळखीच्या खुणा दोन: गाडीतून उतरल्यावर तासाभरात बरं वाटतं, आणि एकाला नाही तर गाडीतल्या बऱ्याच जणांना एकाच वेळी त्रास होतो. असं झालं तर गाडी थांबवून सगळ्यांनी बाहेर मोकळ्यावर यावं आणि त्रास कमी झाला नाही, कुणी बरळायला लागलं किंवा गाडीत गरोदर बाई असेल, तर वाट न बघता दवाखाना गाठावा, अर्थात दुसऱ्या गाडीनं. तिथे ‘गाडीत धूर येत होता’ हे सांगायला विसरू नये. कोविडमध्ये घरोघरी पोचलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड धरलेलं रक्त त्याला ऑक्सिजन धरलेल्या रक्तासारखंच दिसतं, म्हणून गुदमरणाऱ्या माणसाचा आकडा ९८ दाखवू शकतो. खरी तपासणी रक्ताची. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कनं शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास.

किती धूर पुरतो? ढोबळ हिशेब करू. भारत स्टेज दोनच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला पीयूसीत उभ्या गाडीवर ३ टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड चालतो. आठशे सीसीचं इंजिन आयडलिंगला मिनिटाला साधारण शंभर लिटर धूर सोडतं असं धरा आणि त्यातला फक्त एक टक्का, म्हणजे एक लिटर, आत येतो असं धरा. त्या एका लिटरात तीस मिलिलिटर कार्बन मोनॉक्साइड. गाडीच्या आत तीन हजार लिटर हवा असेल तर दर मिनिटाला दहा लाखांत दहा भागांची भर. काचा बंद, गाडी उभी, बाहेर पाऊस. अर्ध्या तासात दहा लाखांत तीनशे. प्रत्यक्षात थोडी हवा बाहेरही जाते, म्हणून आकडा इतका सरळ चढत नाही. पण बाहेरच्या हवेसाठी भारतानं २००९ मध्ये ठरवलेली एका तासाची मर्यादा घनमीटरला चार मिलिग्रॅम, म्हणजे दहा लाखांत साडेतीनच्या आसपास आहे. तीनशेच्या हवेत दोन-तीन तास बसलेल्याचं डोकं ठणकणार हे नक्की.

यावरून पीयूसीबद्दलचा एक गैरसमजही निघतो. पीयूसीची नळी सायलेन्सरच्या टोकात घालतात. वाटेत पाइपाला भोक असेल तर धुराच्या दोन धक्क्यांच्या मध्ये बाहेरची हवा तिथून आत ओढली जाते, टोकाशी धूर पातळ होतो आणि आकडा चांगला येऊ शकतो. गाडीच्या आतली हवा तर पीयूसीवाला तपासतच नाही. ते त्याचं कामच नाही. ‘पीयूसी पास आहे’ हे या तक्रारीचं उत्तर होऊ शकत नाही.

आता गळती. निमोण्याच्या गाडीचा सायलेन्सर लवकर का सडतो याचं कारण तिच्या कामात आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात सायलेन्सर पुरता तापतो आणि ते वाफ होऊन निघून जातं. पण गावातून मळ्यात, मळ्यातून डेअरीवर, अशा दीड-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत सायलेन्सर तापायच्या आत गाडी बंद होते. पाणी आतच राहतं, त्यात धुरातली आम्लं विरघळतात आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून रंग दिसतो, आत चाळण झालेली असते. पुण्याला रोज जाणाऱ्या गाडीचा सायलेन्सर त्यामुळे कधीकधी मळ्यात फिरणाऱ्या गाडीपेक्षा जास्त टिकतो, किलोमीटर चौपट पडूनही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचंही तेच. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला, पुढे सगळीकडे आला. पण तो अडीच-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय काम करत नाही. छोट्या फेरीत तो असून नसल्यासारखा.

तपास इंजिनाच्या बाजूनं सुरू करावा. मॅनिफोल्ड म्हणजे सिलिंडरांतून धूर गोळा करणारा बिडाचा भाग. तो आणि इंजिनाचं हेड यांच्यामध्ये पॅकिंग असतं. ते जळलं, किंवा एखादा स्टड तुटला, की तिथून धूर सुटतो. ही गळती ऐकू येते. सकाळी पहिल्या स्टार्टला टिकटिक किंवा फटफट आवाज येतो आणि इंजिन तापलं की बिड फुगून फट मिटते, आवाज जातो. गाडी दुपारी गॅरेजात नेली तर मिस्त्री म्हणणार, ‘कुठंय आवाज?’ म्हणून गाडी आदल्या रात्रीच गॅरेजात ठेवावी आणि सकाळी मिस्त्रीच्या समोर पहिला स्टार्ट मारावा. सीट उचलून बॅटरीच्या उजेडात जोडापाशी बघितलं तर काजळीचा काळा पट्टा दिसतो. तो पट्टा म्हणजे धुरानं स्वतः लिहून ठेवलेला पत्ता.

मागचे जोड बघायला गाडी उचलावी लागते. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही शिरू नये. घोड्या लावाव्यात, चाकांना दगड लावावेत, मगच खाली जावं. गार इंजिन स्टार्ट करून एकानं हातमोजा घालून ओल्या जाड फडक्यानं सायलेन्सरचं टोक काही सेकंद दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं खालून जोडांवर साबणाचं पाणी शिंपडायचं. जिथे गळती तिथे बुडबुडे. हे उघड्यावर करावं, पत्र्याच्या शेडमध्ये नव्हे. याहून चांगली रीत इंजिन बंद ठेवून होते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी फडक्यात सैल गुंडाळून सायलेन्सरच्या टोकात धरायची, हवा अगदी मंद सोडायची आणि साबणाचं पाणी मारत पुढे सरकायचं. आवाज नाही, गरम नाही, धूर नाही. पाइपाला पडलेलं सुईएवढं भोकही फेसाळतं. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणात पैसे वाचवणारी युक्ती हीच, कारण गळती एकच आहे की चार, हे काम सुरू करण्याआधी कळतं.

हँगरचे रबरही तिथेच बघून घ्यावेत. रबर तुटला की आपल्याकडे बाइंडिंगच्या तारेनं सायलेन्सर आवळतात. तार लवचिक नसते. इंजिनाची थरथर मग थेट पाइपाच्या जोडावर येते आणि पुढच्या जोडाला तडा जातो. दोन-चारशे रुपयांच्या रबराऐवजी तार वापरली की गळती परत येणार हे ठरलेलं. सायलेन्सरचं टोक बॉडीच्या बाहेर निघालेलं आहे का, हेही बघावं. टोक गंजून गळून पडलं किंवा मागून ठोकर बसून आत दबलं की धूर गाडीच्या पोटाखालीच सुटतो. तिथे मग गळती वेगळी लागतच नाही.

इंजिनाच्या बाजूला आणखी दोन संशयित असतात. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं की ऑइल तापलेल्या मॅनिफोल्डवर ठिबकतं; त्याचा वास तळणीच्या करपलेल्या तेलासारखा आणि निळसर धुराचा. ब्रीदरचा पाइप निघाला असेल तर घासलेल्या रिंगांमधून खाली उतरलेला धूर सीटखालीच सुटतो. कच्च्या पेट्रोलचा वास हा वेगळाच विषय आहे. तो आला तर धूर शोधत बसू नये, गाडी बंद ठेवून पेट्रोलची नळी आधी बघावी. एलपीजी किटच्या गाडीत सडक्या कोबीसारखा वास आला तर सिलिंडरची चावी बंद, काचा उघड्या, आणि आसपास काडी-बिडी काही नको.

भोकांकडे वळू. जुन्या गाडीच्या फरशीचा पत्रा सडतो तो पावसानं, अशी समजूत आहे. गावच्या गाडीत खरा गुन्हेगार मालवाहतूक. पोटॅश आणि इतर खतांचे दाणे गोणीच्या शिवणीतून मॅटखाली जातात, दमट हवेत पाणी धरतात आणि पत्रा खातात. सांडलेलं दूध आंबून तेच करतं. वर रबरी मॅट, त्याखाली वर्षानुवर्षं ओलं गोणपाट. मॅट उचलून स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून बघावं. जिथे टोक आत जातं तिथे पत्रा उरलेला नाही. बारीक भोकं शोधायला दुपारचं ऊन कामाला येतं. काचांवर जाड चादरी टाकून आत अंधार करायचा आणि बाहेरून दुसऱ्यानं आरशानं ऊन गाडीच्या खाली परतवायचं. आत तिरीप दिसेल तिथे खडूनं गोल करायचा. गिअरच्या दांड्याचा रबरी बूट, हँडब्रेकची केबल जिथून खाली जाते ते ग्रॉमेट, फरशीतले रबरी बूच, मागच्या चाकावरची कमान आणि इंजिनाच्या झाकणाची पट्टी या जागा हमखास निघतात.

दारांच्या बीडिंगसाठी दहाची नोट पुरे. नोट बीडिंगवर ठेवून दार लावायचं आणि ओढायची. अडली तर रबर जिवंत आहे. सरसर निघाली तर तिथून हवा येते. मागच्या दारावर ही परीक्षा सगळीकडून घ्यावी, खालच्या कडेला जास्त. मागच्या दिव्यांची पॅकिंगं मात्र सगळेच विसरतात. बल्ब बदलताना दिवा काढला, पॅकिंग फाटलं, तसाच बसवला. झाला तिथे सायलेन्सरच्या टोकापासून हातभर अंतरावर एक दरवाजा.

नंतर बसवलेल्या सामानाची भोकं त्याहून वाईट. डेकची वायर, जादा हॉर्न, मागचे फोकस, किटची नळी, ट्रॉली ओढायचा हूक. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहराच्या पोलिसांनी जुलै २०१७ मध्ये आपल्या सुमारे ४०० फोर्ड एक्सप्लोरर गाड्या रस्त्यावरून काढून घेतल्या होत्या, कारण ड्यूटीवरच्या पोलिसांना गाडीत चक्कर येत होती आणि तपासण्यांत कार्बन मोनॉक्साइड सापडला होता. कंपनीनं त्यावर जे सांगितलं त्यातलं एक मोठं कारण असं होतं: दिवे, वायरलेस वगैरे बसवताना मागच्या बाजूला पाडलेली भोकं नीट बुजवलेली नव्हती. महागड्या गाड्यांची ही गत. आपल्या मंडईतल्या डेकवाल्यानं ड्रिलनं पाडलेल्या भोकात ग्रॉमेट घातलं की नाही, हे कुणी खाली वाकून बघितलेलं नसतं.

आणि मग ती तिसरी गोष्ट, ओढ. गाडी पुढे धावते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि तिथे भोवरा तयार होतो. सायलेन्सरचा धूर त्या भोवऱ्यातच सुटतो. मागचं दार उंच आणि सपाट असलेल्या गाडीत हा भोवरा मोठा, आणि ओमनीची पाठ तर भिंतीसारखी उभी. आता त्या गाडीतून लांब पाइप किंवा जळणाच्या मोळ्या न्यायच्या म्हणून मागचं दार सुतळीनं अर्धवट बांधलं आणि पुढच्या काचा बंद ठेवल्या, तर धूर मागून पुढे गाडीभर फिरतो. सायलेन्सर नवाकोरा असला तरी. म्हणून मागचं दार उघडं ठेवून माणसं बसवू नयेत. अगदी नाइलाज असेल तर पुढच्या सगळ्या काचा पूर्ण उघड्या ठेवाव्यात, ब्लोअर असेल तर बाहेरची हवा आत घेण्यावर ठेवावा, आणि मागे मुलांना बसवू नये.

उभ्या गाडीत ओढ वेगळी असते. वारा पाठीमागून असेल तर धूर गाडीच्या पोटाखालून पुढे येतो आणि इंजिनाच्या पंख्याच्या तडाख्यात सापडतो. गाडी भिंतीला पाठ करून उभी केली तर धुराला जायला जागाच नसते. शेडमध्ये गाडी चालू ठेवून बॅटरी चार्ज करणं, पावसात काचा चढवून चालू गाडीत डुलकी काढणं, हे प्रकार गळती नसलेल्या गाडीतही करू नयेत. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोन जण मृत सापडले. गाडीतल्या जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत आला होता.

कधीकधी मात्र आपल्या गाडीचा दोष नसतोच. वाघोलीच्या किंवा शिक्रापूरच्या कोंडीत समोरच्या ट्रकचा धूर ब्लोअर आत ओढतो. कोंडीत येतो आणि मोकळ्या रस्त्यावर जातो तो वास दुसऱ्याचा. निमोण्याच्या मोकळ्या रस्त्यावर, पुढेमागे कुणी नसताना येतो तो आपला. चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर येत असेल तर मॅनिफोल्डकडे बघा. मागचं बीडिंग तात्पुरतं चिकटपट्टीनं बंद केल्यावर कमी झाला तर मागच्या बाजूला बघा. नाकावर न विसंबता आकडा हवा असेल तर बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड मीटर घ्यावा, पण आकडे दाखवणारा. घरात लावायचं नुसतं भोंगा देणारं यंत्र अमेरिकी मानकाप्रमाणे दहा लाखांत ७० भागांवरसुद्धा तासभर गप्प राहू शकतं. ते झोपलेल्या घराचा जीव वाचवायला बनवलेलं आहे, गाडीतली बारीक गळती पकडायला नाही.

दुरुस्तीत क्रम महत्त्वाचा. आधी गळती, मग भोकं. उलटं केलं तर सीलबंद गाडीत उरलेल्या एका भोकातून सगळा धूर येतो. मॅनिफोल्ड काढला की नुसतं नवं पॅकिंग घालून बसवू नये. बिड वाकलेलं असेल तर लेथवाल्याकडून त्याला फेस मारून घ्यावा, नाहीतर नवं पॅकिंग सहा महिन्यांत जळतं. बोल्ट मधल्यापासून कडेकडे आवळावेत आणि गाडी दोन-चारदा तापून गार झाल्यावर परत आवळावेत. दुसऱ्या वेळी आवळायला गाडी परत आणायची असते हे गॅरेजवाला सांगतो, आपण नेत नाही. सडलेल्या पाइपावर वेल्डिंगचं ठिगळ टिकत नाही, कारण ठिगळाच्या कडेला वेल्ड धरायला पत्राच नसतो. तेवढा तुकडा किंवा पूर्ण सायलेन्सर बदलावा. ओमनीचे सुटे भाग अजून सहज मिळतात. सायलेन्सर पेस्ट एकात एक बसणाऱ्या जोडासाठी असते. भोकावर लिंपलेली पेस्ट ही दिवाळीपर्यंतची सोय. एम-सील तर गरम पाइपावर काहीच कामाचं नाही.

फरशीला वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची वायर काढावी, आतली मॅट आणि फोम काढावा, पेट्रोलची टाकी आणि नळ्या कुठून जातात ते बघून त्या दूर कराव्यात किंवा टाकी उतरवावी, आणि जवळ वाळूची बादली ठेवावी. गंज पांढरा पत्रा दिसेपर्यंत खरवडून, नवा पत्रा जोडून, शिवणीवर सीलंट आणि वर-खाली रंग. ग्रॉमेट, बूच, गिअरचा बूट, दिव्यांची पॅकिंगं नवी. या सगळ्याचा खर्च सायलेन्सरपेक्षा कमी येतो आणि तरी तोच टाळला जातो, कारण तो भाग मॅटखाली असतो. इंजिनाच्या झाकणाची पट्टी उष्णता सोसणारीच घ्यावी. गादीवाल्याकडचा फोम तिथे चिकटवलेला मी पाहिला आहे. तो तापून वितळतो आणि त्याचाच धूर होतो.

मग परीक्षा. काचा बंद करून, मीटर मागच्या सीटवर ठेवून, गाडी उघड्या माळावर दहा मिनिटं आयडलिंगला उभी ठेवायची. तोंड एकदा वाऱ्याकडे, एकदा वाऱ्याकडे पाठ. माणसांनी बाहेर उभं राहून काचेतून आकडा बघायचा. मग शिरूरपर्यंत एक फेरी, दोघांनी, मीटर चालकाशेजारच्याच्या हातात. आकडा चढायला लागला की काचा उघडायच्या आणि मागे वळायचं.

हे सगळं करूनही काही गाड्या सुटत नाहीत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. त्या वेळी गाडीची तपासणी होते, पण मॅट उचलून कुणी बघेलच असं नाही. आपण बघावं. सीटचे आणि सीटबेल्टचे बोल्ट ज्या पत्र्यात बसलेत तो हातानं दाबल्यावर वाकत असेल, किंवा खालच्या लांब पट्ट्या खवल्यांसारख्या सुटत असतील, तर धुराचा प्रश्न दुय्यम झाला. त्या गाडीवर नवा सायलेन्सर चढवू नये. इंजिन आणि चांगले भाग उतरवून घ्यावेत आणि बॉडी भंगारात द्यावी.